केसभर नव्हे, त्याहून कमी

मुंगी दारू पिऊन पडली आहे. तुमच्या पुढ्यात, टेबलावर. साल १६६४ च्या आसपासचं, जागा लंडनमधलं ग्रेशम कॉलेज, आणि शेजारी पाठीला बाक काढून बसलेला किडकिडीत तरुण म्हणजे रॉबर्ट हुक. त्याला तुम्ही दिसत नाही. तेव्हा संकोच नको, त्याच्या खांद्यावरून खुशाल डोकवा.

तेलाच्या दिव्यापुढे पाण्याने भरलेला काचेचा गोळा ठेवलाय. त्यातून एकवटलेला उजेड मुंगीच्या पाठीवर पडतोय. या मुंगीने हुकला भंडावून सोडलं होतं. मेण नि डिंक लावून पाय चिकटवले, तर ती अंग असं पिळवटायला लागली की धड काही दिसेना. मारून पाहिली, तर इवलासा देह लगेच आकसून बिघडला. शेवटी ब्रँडी. आता ती तासभर निपचित राहील, तेवढ्यात चित्र उरकायचं. मग ती एकाएकी शुद्धीवर येऊन चालू लागेल. हे सगळं तो 'मायक्रोग्राफिया'त लिहूनही ठेवणार आहे. पुस्तक १६६५ चं.

हसून झालं असेल तर यंत्राकडे बघा. भिंगं आहेत, चामड्याने मढवलेली देखणी नळी आहे, नळी खाली-वर करायला आटे पाडलेलं कडं आहे. नमुना इकडून तिकडे सरकवायला काय आहे? बोटं. बोटाने सूतभर सरकवायला जावं तर भिंगातून मुंगी खोलीबाहेर गेलेली. भिंग वस्तू मोठी करतं तसा हाताचा कंपही तेवढ्याच पटीने मोठा करतं, आणि हुकच्या घरात त्यावर एकच इलाज आहे: ब्रँडी.

सूक्ष्मदर्शकाची गोष्ट सांगताना सगळे भिंगाचे पोवाडे गातात. शाळेच्या पुस्तकापासून वस्तुसंग्रहालयातल्या पाटीपर्यंत तेच. माझी याबद्दल जुनी तक्रार आहे. भिंगाने काय दाखवायचं ते भिंग ठरवतं, हे खरं. पण ते तुमच्या डोळ्यासमोर येणार की नाही, आलं तर तिथे टिकणार की नाही, हे भिंगाखालचा तो मुकाट पाट ठरवतो. इंग्रजीत आणि आता आपल्याकडच्या प्रयोगशाळांतही त्याला स्टेज म्हणतात. या सफरीत आपण फक्त त्याच्याकडे बघायचं.

चला, समुद्र ओलांडा आणि बारा वर्षं पुढे या.

डेल्फ्ट, १६७६. कालव्याकाठचं घर. आंतोनी व्हान लेवेनहुक हा कापडाचा व्यापारी, शिवाय गावच्या न्यायाधिकाऱ्यांच्या दालनाची व्यवस्था पाहणारा नोकरदार. लॅटिन येत नाही, विद्यापीठाचं तोंड पाहिलेलं नाही. त्याने मिरी पाण्यात भिजत घातली आहे. मिरीला तिखटपणा कशाने येतो ते त्याला शोधायचंय. त्या पाण्यात जे वळवळताना दिसलं त्याबद्दल तो याच ऑक्टोबरमध्ये लंडनला लांबलचक पत्र पाठवणार आहे.

टेबलावरचं ते उपकरण उचला. होय, हेच. एवढंच. पितळेच्या दोन पातळ पट्ट्या एकमेकींवर रिव्हेटने ठोकलेल्या, लांबी दोनेक इंच. मधोमध बारीक भोक, त्यात मिरीच्या दाण्याहून लहान एकच भिंग. नळी नाही, पाया नाही. मात्र पट्टीच्या मागे बघा, तिथे खरी करामत आहे. खालून वर जाणारं लांब मळसूत्र, त्याच्या टोकाला एक ठोकळा, ठोकळ्यात टाचणी, टाचणीच्या अणीवर नमुना. मिरीचं पाणी असेल तर केसासारख्या काचनळीत भरून ती नळी टाचणीला चिकटवलेली. लांब मळसूत्र फिरवलं की टाचणी वर-खाली जाते. ठोकळ्यातून आडवं गेलेलं छोटं मळसूत्र पट्टीला रेटतं, तसा नमुना भिंगापासून लांब जातो. टाचणीच्या बुंध्याची घुंडी फिरवली की नमुना स्वतःभोवती फिरतो.

आता ते डोळ्याला अगदी चिकटवा, पापण्या पितळेला लागतील इतकं. खिडकीकडे तोंड करा. आधी नुसता पांढुरका धूसरपणा. छोटं मळसूत्र हळूच फिरवा. काहीतरी आलं, गेलं. आलं होतं! उलटं फिरवा. बोट फिरतंय, घुंडी फिरतेय, पण भिंगात काहीच हलत नाही. आणखी थोडं फिरवता, आणि नमुना एकदम झेप घेऊन पार पलीकडे जातो.

हे जे झालं ते नीट लक्षात ठेवा, कारण पुढची तीनशे वर्षं माणसं त्याच्याशीच झगडणार आहेत. आट्यांत आणि ज्या भोकात ते आटे बसतात त्यात थोडी फट असते. दिशा बदलली की आधी ती फट भरून निघते, मग कुठे ढकलणं सुरू होतं. जुन्या एसटीचं स्टिअरिंग आठवा: ड्रायव्हर पाव वेढा फिरवतो तेव्हा कुठे चाकांना खबर लागते. कारखान्यात याला प्ले म्हणतात, बॅकलॅश म्हणतात. लेवेनहुकची मळसूत्रं त्याने स्वतः घरी पाडलेली आहेत, आटे ओबडधोबड. तो त्यांना कसं वश करतो? करतच नाही. एखादा नमुना एकदा नीट दिसला की तो ते उपकरण तसंच ठेवून देतो आणि पुढच्या नमुन्यासाठी दुसरं बनवतो. आयुष्यभरात त्याने पाचशेच्या आसपास भिंगं घडवली, त्यामागे हौस होतीच. पण नमुना जागेवर आणण्याचा हा छळ पुन्हा सोसायला नको, हेही एक कारण होतं असं मला वाटतं.

डोळा दुखायला लागला असेल. ठेवा ते खाली. सव्वाशे वर्षं ओलांडायची आहेत, आणि मधल्या काळात थांबण्यासारखं फार नाही. पितळ जास्त चकचकीत झालं, नळ्या लाकडी पेट्यांतून येऊ लागल्या, श्रीमंतांच्या दिवाणखान्यात पिसवा दाखवण्याचे कार्यक्रम रंगले. फ्लीट स्ट्रीटवरच्या जॉन कफने १७४४ मध्ये नमुन्यासाठी सगळ्या बाजूंनी मोकळा पाट आणि बारीक जुळवणीचा स्क्रू दिला, ते मात्र चांगलं काम. बाकी आटे जिथल्या तिथेच.

आटे सुधारतात ते सूक्ष्मदर्शक बनवणाऱ्यांच्या हातून नाही. ते सुधारतात लंडनमध्ये, १८०५ च्या सुमारास, हेन्री मॉडस्लेच्या कारखान्यात. आत शिरताना बाजूला व्हा; इथे पट्टे फिरताहेत, लोखंडाचा कीस उडतोय. याआधी स्क्रू बनवायचा म्हणजे कारागीर कानशीने आटे काढणार. प्रत्येक नट आपल्याच बोल्टला बसणार, दुसऱ्याला नाही. मॉडस्लेच्या लेथवर हत्यार माणसाच्या हातात नाही. ते घट्ट पकडलेल्या घोडीवर बसलंय आणि दुसरा एक नेमका स्क्रू त्या घोडीला पुढे नेतोय. स्क्रूच स्क्रू पाडतोय.

इथे तुमच्या मनात जो प्रश्न येईल तो अगदी रास्त आहे. पहिला स्क्रूच वाकडा असेल तर त्याची पोरंही वाकडीच निपजणार ना? मॉडस्लेचं उत्तर त्या कोपऱ्यातल्या बाकावर आहे. पाच फूट लांब, दोन इंच जाडीचा स्क्रू, इंचाला पन्नास आटे. त्याच्यावर बसणारा नट बघा: बारा इंच लांब. म्हणजे एकाच वेळी सहाशे आटे सहाशे आट्यांत बसलेत. एखादा आटा जरा पुढे असेल, एखादा मागे. पण नट एकेकाचं ऐकत नाही, तो सगळ्यांची सरासरी घेऊन चालतो. स्क्रूच्या चुका नटात विरून जातात. त्या नटाने चालणाऱ्या लेथवर पाडलेला नवा स्क्रू आपल्या बापापेक्षा सरळ निघतो, आणि त्याचा मुलगा त्याहून. अचूकता अशी वाढवत नेता येते, ही कल्पना मला या संपूर्ण प्रवासातली सर्वांत सुंदर वाटते. भिंगवाल्यांकडे तिच्या तोडीचं काही नव्हतं.

मॉडस्लेच्या बाकावर आणखी एक अवजड पितळी मापक आहे. त्याला तो 'लॉर्ड चान्सेलर' म्हणतो, कारण मापावरून कामगारांचं भांडण झालं की शेवटचा निकाल त्याचा. इंचाला शंभर आटे आणि चाकावर शंभर खुणा. एक खूण सरकवलीत तर इंचाचा दहाहजारावा भाग, म्हणजे अडीच मायक्रॉन. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तुमच्या डोक्यावरचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड आहे. एक खूण फिरवून बघा. हाताला काहीच जाणवत नाही, आणि तरी ते सरकलंय. डेल्फ्टची झेप इथे संपली.

हे कसब तीस-चाळीस वर्षांत झिरपत सूक्ष्मदर्शकापर्यंत पोचतं. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या लंडनमध्ये पॉवेल अँड लीलंडसारख्या दुकानात तुम्हाला पाटाला दोन घुंड्या दिसतील: एक डावीकडे-उजवीकडे, एक पुढे-मागे. खाली पारव्याच्या शेपटीच्या आकाराच्या खाचा, त्यांतून पितळ पितळावर तेलाच्या पातळ थरावरून सरकतं. कडेला कोरलेल्या पट्ट्या. आता स्लाइडवरच्या दहा हजार डायटममधला, म्हणजे डोळ्याला न दिसणाऱ्या शेवाळांमधला, एकच पुन्हा गाठायचा असेल तर वहीत दोन आकडे टिपून ठेवा. उद्या या, घुंड्या त्या आकड्यांवर आणा, तो तिथेच असेल. नमुन्याला पत्ता मिळाला. लेवेनहुकला हे मिळालं असतं तर त्याचं पितळ बरंच वाचलं असतं.

येना, १८९०. जर्मनीतलं डोंगरांच्या कुशीतलं गाव आणि कार्ल झाईस यांचा कारखाना. म्हातारे झाईस दोन वर्षांपूर्वी गेले. कामात खोट दिसली की ते तयार सूक्ष्मदर्शक ऐरणीवर ठेवून हातोड्याने फोडत, अशी आठवण कामगार अजून सांगतात. आता सूत्रं एर्न्स्ट आबे यांच्याकडे आहेत. सूतगिरणीतल्या मजुराचा मुलगा. बाप चौदा-चौदा, सोळा-सोळा तास उभा राहून राबताना पाहिलेला. १९०० मध्ये हाच माणूस या कारखान्यात आठ तासांचा दिवस लागू करील. पण तुम्ही आत्ता आलात ते त्यांच्या एका साध्याशा नियमासाठी.

१८७३ मध्ये आबे यांनी दाखवून दिलं होतं की प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाला एक तळ आहे. तरंगलांबीच्या साधारण निम्म्याहून बारीक तपशील भिंग कितीही उत्तम केलं तरी सुटा दिसणार नाही. हा तळ एक पंचमांश मायक्रॉनच्या आसपास येतो. म्हणजे भिंगाची पुढची वाट त्यांनीच बंद केली. पाटाचं काय? तो अजून कितीतरी मागे आहे, आणि का मागे आहे ते आबे यांना कळलंय.

अकरावी-बारावीला तुम्ही व्हर्नियर कॅलिपर आणि स्क्रूगेज दोन्ही हाताळली असतील. व्हर्नियरमध्ये वस्तू जबड्यांत आणि मोजपट्टी बाजूला. जबडा जरा जास्त दाबला की किंचित तिरपा होतो आणि आकडा बदलतो. स्क्रूगेजमध्ये वस्तू थेट स्क्रूच्या रेषेतच बसते, म्हणून तिरपेपणाचा फटका नगण्य. मास्तरांनी बहुधा 'लघुतम माप कमी' एवढंच कारण सांगितलं असेल. आबे यांचं कारण त्याहून खोल आहे: जे मोजायचं ते आणि ज्याने मोजायचं ती पट्टी, दोन्ही एकाच रेषेत हवीत. रेषा सुटली की पाटाचा प्रत्येक डुलका आकड्यात घुसतो.

किती घुसतो? आबे यांच्या टेबलाशी बसा आणि हिशेब करा. पट्टी नमुन्यापासून दहा सेंटिमीटर बाजूला आहे. पाट सरकताना एका अंशाच्या छत्तीसशेव्या भागाने, म्हणजे एका विकला-कोनाने झुकला. डोळ्याला हा कोन दिसणं अशक्य. तरी चूक निघते जवळपास अर्धा मायक्रॉन. भिंगाला दिसणाऱ्या सर्वांत बारीक तपशिलाच्या दुपटीहून जास्त! स्क्रू कितीही निर्दोष असो, पाट ज्या खाचेतून सरकतो ती खाच सरळ नसेल तर सगळं फुकट.

आणि तुम्ही जरा मागे सरका. गंमत नाही करत. तुमच्या अंगाची ऊब लागतेय. दहा सेंटिमीटर पितळ एका अंशाने तापलं की जवळजवळ दोन मायक्रॉन लांबतं. याच काळात अटलांटिकपलीकडे बाल्टिमोरला हेन्री रोलंड हा भौतिकशास्त्रज्ञ तळघरात, तापमान सांभाळत, धातूच्या आरशावर इंचाला चौदा हजारांहून जास्त रेघा ओढणारं यंत्र चालवतो आहे. त्याच्या यंत्राचाही जीव एका स्क्रूत आहे. मेल्यावर आपली राख त्या यंत्राजवळच ठेवा, असं तो सांगून गेला आणि तसंच केलं गेलं. स्क्रूवर एवढी माया करणारा दुसरा माणूस मला ठाऊक नाही.

आता एवढी सगळी युरोपी स्वच्छता विसरा. सदरे ढिले करा. सिकंदराबाद, २० ऑगस्ट १८९७, दुपार. निजामाचं राज्य, त्या वेळी औरंगाबाद, बीड, नांदेड सगळं याच अमलाखाली. बेगमपेठेतल्या लष्करी इस्पितळाच्या कोंदट खोलीत मेजर रोनाल्ड रॉस डासांची पोटं फाडतो आहे. वर पंखा आहे, पण पंखेवाल्याला ओढू देत नाही, कारण वाऱ्याने फाडलेले डास उडून जातील. डोळ्यांत चिलटं शिरताहेत. कपाळाचा आणि हातांचा घाम गळून गळून सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजलेत. एकच नेत्रभिंग शिल्लक, तेही तडकलेलं.

हात लावून बघा त्या घुंडीला. खरखर. मॉडस्लेच्या सहाशे आट्यांची सरासरी, आबेंची सरळ रेष, सगळं या गंजाने खाल्लंय. या अशा यंत्रावर रॉसला हुसेन खान नावाच्या मलेरियाच्या रुग्णाला चावलेल्या डासाच्या जठराची भिंत पेशीगणिक तपासायची आहे. शोधायचं काय तेही नक्की माहीत नाही. शोधण्याची रीत मात्र एकच: एक पट्टा पाहायचा, मग दृश्याच्या रुंदीएवढं बाजूला सरकून शेजारचा पट्टा, आधीच्या कडेवर किंचित चढवून, म्हणजे मध्ये काही सुटायला नको. आता बॅकलॅशसकट, गंजासकट हे करा. एका डासाला अर्ध्या तासाच्या वर जातो. तुमची मान आखडते. घामाचा थेंब नाकावरून निघालाय, तो पुसायला हात सोडलात तर जागा हरवेल.

एकच्या सुमारास तो थबकतो. जठराच्या पेशींमध्ये एक जवळपास नेमका गोल, व्यास बारा मायक्रॉनच्या आसपास, आत काळे कण. डासाच्या पेशींत असे कण कधी नसतात. मलेरियाच्या परजीवीत असतात. मलेरियाचा परजीवी डासात वाढतो, याचा हा पहिला पुरावा. १९०२ चं नोबेल याला मिळालं. भिंगाचं श्रेय भिंगाला द्या. पण गंजलेल्या स्क्रूवर पट्ट्यामागून पट्टा सरकवत राहिलेल्या बोटांना थोडं जास्त द्या.

पुढचा टप्पा लांबचा आहे. स्वित्झर्लंड, झुरिक तळ्याकाठचं रुश्लिकोन, आयबीएमची प्रयोगशाळा, १६ मार्च १९८१ ची रात्र. रात्र मुद्दाम निवडली आहे: दिवसा लोक चालतात, दारं आपटतात, गाड्या जातात. पाऊल हळू टाका. श्वासही.

गेर्ड बिनिग, हाइनरिख रोरर, क्रिस्टोफ गेर्बर आणि एडमुंड वाइबेल. यांच्या सूक्ष्मदर्शकाला भिंगच नाही. माझ्या तक्रारीला याहून मोठा न्याय कोणता? आबे यांनी भिंगाची वाट बंद केली होती. यांनी भिंग काढूनच टाकलं आणि नुसता पाट ठेवला. टंगस्टनची अणकुचीदार सुई, समोर प्लॅटिनमची पट्टी, मध्ये एका नॅनोमीटरहून कमी अंतर. म्हणजे मायक्रॉनच्या हजाराव्या भागाहूनही कमी. सुई टेकलेली नाही, तरी विजेचा सूक्ष्म प्रवाह फट ओलांडून जातो. अंतर एक दशांश नॅनोमीटरने वाढलं की प्रवाह साधारण दहापट घटतो. अणूच्या व्यासाहून कमी हालचालीला हे यंत्र ओरडून उत्तर देतं. प्रश्न एवढाच, की इतकी कमी हालचाल करायची कशी?

स्क्रू इथे हरला. धातूवर धातू घासला की तो आधी अडकतो, मग झटका देतो, आणि त्या झटक्यात हजारो अणू ओलांडले जातात. म्हणून यांनी घासणंच बंद केलं. पिएर आणि झाक क्युरी या भावांनी १८८० मध्ये पॅरिसमध्ये पाहिलं होतं की काही स्फटिक दाबले की वीज निर्माण होते. उलटही खरं: वीज दिली की स्फटिक ताणला जातो. व्होल्टागणिक नॅनोमीटरच्या हिशेबात. आटे नाहीत, तेल नाही, फट नाही. सुई अशा तीन दांड्यांवर बसवली आहे. एक बटण किंचित फिरवा. तुम्ही आत्ता सुई काही अणूंएवढी हलवलीत. गुण असतात तसे दोषही: वीज काढली तरी स्फटिक लगेच मूळ जागी येत नाही, थोडा वेळ सरपटत राहतो. पण ते गणिताने सांभाळता येतं, गंज सांभाळता येत नाही.

आणि एवढ्या जवळ नमुना आणायचा तरी कसा? त्यासाठी एक चपटा, तीन पायांचा प्राणी बनवलाय. तिन्ही पाय विजेने खालच्या पत्र्याला धरून ठेवता येतात किंवा सोडता येतात. अंग त्याच विजेने ताणल्या जाणाऱ्या, म्हणजे पिएझो स्फटिकाचं. दोन पाय धरा, अंग आकसवा, तिसरा पाय सरकेल. आता तो धरा, बाकीचे सोडा, अंग ताणा. असं धर-सोड करत तो चालतो. मंडळी त्याला 'ऊ' म्हणतात, आणि चालते ती अगदी उवेसारखीच. हे सगळं बिऱ्हाड चुंबकांच्या आधाराने एका शिशाच्या वाडग्यावर हवेत तरंगतंय, द्रव हेलियमच्या गारठ्यात शिसं अतिवाहक झालंय म्हणून. तासाला वीस लिटर हेलियम उडून जातंय. इकडे-तिकडे चिकटपट्टीही दिसेल, तीही कमी नाही. नोबेल मिळवणारं यंत्र चिकटपट्टीने उभं आहे, हे आपल्याकडच्या खरेदी समितीला कुणी सांगू नये.

कागदावर आलेख उमटतो: अंतर वाढतं तसा प्रवाह ठरल्याप्रमाणे झपाट्याने कोसळतो. त्यांना हवं होतं ते मिळालं. पुढे १९८६ चं नोबेल बिनिग आणि रोररना, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या एर्न्स्ट रुस्कांबरोबर विभागून. १९८९ मध्ये आयबीएमच्याच कॅलिफोर्नियातल्या आल्मादेन प्रयोगशाळेत डॉन आयग्लर यांनी अशाच सुईने झेनॉनचे ३५ अणू एकेक करून ढकलले आणि कंपनीच्या नावाची तीन अक्षरं मांडली. जाहिरात म्हणा हवं तर. अणू बोट दाखवू तिथे बसला, हे मात्र नाकारता येणार नाही.

शेवटचा मुक्काम आजचाच, टांझानियात. दार एस सलामचं एक छोटं कामकाजघर, 3डी प्रिंटरची मंद घरघर. प्रिंटरमधून बाहेर आलेला प्लास्टिकचा सांगाडा हातात घ्या. हलका आहे. याचं नाव ओपनफ्लेक्शर. मूळ आराखडा केंब्रिजमधल्या रिचर्ड बोमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला. यात पाट सरकत नाही, वाकतो. बारीक प्लास्टिकचे पाय लवतात आणि त्यांच्या लवण्यावर पाट तरंगतो. खाच नाही, तेल नाही, म्हणून झटका नाही. रुश्लिकोनचीच युक्ती, हेलियम वजा करून. आठ मिलिमीटर आडवी, तेवढीच उभी आणि चार मिलिमीटर खोलीत हालचाल, आणि तीही मायक्रॉनहून बारीक पावलांनी. तापमान न सांभाळताही आठवडाभरात पाट वीस मायक्रॉनपेक्षा कमी भरकटला, असं त्यांनी मोजून दाखवलं.

हलवणारा भाग शोधा. तुम्हाला ओळखीचं काहीतरी सापडेल: तीन मिलिमीटरचा, कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा स्क्रू. हरलेला गडी परत आलाय, पण आता एका दातेरी चाकामागे आणि तरफेमागे बसून. त्याची मोठी हालचाल तरफ लहान करून पाटाला पोचवते. टांझानियातल्या इफाकारा आरोग्य संस्थेत असेच सूक्ष्मदर्शक मलेरियाच्या रक्ताच्या स्लाइड पट्ट्यामागून पट्टा आपोआप तपासण्यासाठी वापरून पाहिले गेले. रॉसला घामात करावं लागलं ते काम मोटर करते आणि कॅमेरा टिपतो.

या सगळ्याचे आराखडे इंटरनेटवर मोफत, कुणालाही उतरवून घेता येतील असे ठेवलेले आहेत. तुमच्या तालुक्याच्या कॉलेजात 3डी प्रिंटर असेल आणि त्यावर गणपती नि किल्ल्यांच्या प्रतिकृती सोडून दुसरं काही निघत नसेल, तर जीवशास्त्राच्या आणि यंत्र विभागाच्या मास्तरांना एका खोलीत बसवा आणि हा एक छापून घ्या. जोडताना स्क्रूला ताणून धरणारी रबरी कडी मात्र विसरू नका. ती आटे कायम एकाच बाजूला दाबून ठेवते. ती नसेल तर बॅकलॅश तसाच राहतो.